राजीखुशीचं कलम

आमच्या खेळात कुणी मेलं की खेळाडूंच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शोकसंदेशांचा पूर यायचा. कुणी लिहायचं, शूर सरदार गेला. कुणी लिहायचं, रणांगण पोरकं झालं. कुणी चार ओळींची कविता जुळवायचं, कुणी विझलेल्या मशालीचं चित्र टाकायचं. हे सगळं रंगात आलं की मध्येच इंदूताईंचा निरोप पडायचा: "वाईट झालं. जमीन कोनाच्या नावावर?"

एवढंच. मेलेला शत्रू असो की मित्र, म्हातारा असो की ऐन लढाईत पडलेला विशीतला पोरगा, ताईंचा निरोप बदलायचा नाही. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हा कुणी तरुण, उद्धट वकील असणार. प्रत्यक्षात त्या नागपुरात सक्करदऱ्यात राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बाई होत्या. यजमानांचं सायकलचं दुकान होतं, ते गेल्यावर बंद झालं. मुलीने नातवंडांचे चेहरे दिसावेत म्हणून टॅब घेऊन दिला होता. नातवंडं शाळेत गेली की त्याच टॅबवर ताई एका परगण्याचा कारभार करायच्या.

त्या गेल्यानंतर गटातले लोक म्हणाले, तुम्हीच लिहा त्यांच्यावर, तुम्ही जवळच्या. त्यांना डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी हवं होतं. तसं मला जमणार नाही. मला इंदूताईंचा राग आहे. त्या असतानाही होता, आता त्या नाहीत म्हणून तो कमी झालेला नाही, आणि तो का आहे हे सांगितल्याशिवाय त्या कशा होत्या हे सांगता येणार नाही.

आधी खेळाचं सांगते. 'पाचपरगणे' हा इंटरनेटवर खेळायचा खेळ. त्यात चित्रं फारशी नाहीत, बहुतेक सगळं लिहूनच चालतं. एक कल्पनेतलं राज्य, त्यात पाच परगणे, प्रत्येक परगण्याचा एक सरदार, सरदाराच्या हाताखाली गावं. प्रत्येक खेळाडू त्या राज्यातलं एक माणूस होतो आणि त्याच्या नावाने बोलतो, लढतो, पेरतो, तह करतो. आमच्याकडचा काळ भरभर जातो. माणसं म्हातारी होतात, मरतात. त्यांची मुलं वयात आली की ती दुसऱ्या कुणा खेळाडूला खेळायला मिळतात. हा खेळ बनवला प्रशांतने. मुलगा नागपूरचा, नोकरीला पुण्यात. खेळात तो राजा, म्हणून सगळे त्याला 'सरकार' म्हणतात. मी लकडगंजात प्लायवूडच्या एका मोठ्या गोदामाचा साठा सांभाळते, याद्या करणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे खेळातही कोण कुणाचं मूल आणि कुठलं गाव कुणाकडे, हे लिहून ठेवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

नवीन लोकांना वाटतं, हा लढायांचा खेळ. तसा तो नाही. लढाईत मिळवलेलं गाव पुढच्या लढाईत जातं. टिकतं ते वारशाने आलेलं. त्यामुळे सगळी खरी भांडणं वारशाच्या नियमावरून.

प्रशांतचा मूळ नियम असा होता: सरदार मेला की जमीन थोरल्या मुलाला. मुलगा नसेल तर भावाला. भाऊही नसेल तर मुलीला, पण लग्न होईपर्यंतच. लग्न झालं की तिच्या नावावरची गावं नवऱ्याच्या घराण्यात. याचा परिणाम काय झाला असेल हे कुणालाही सुचेल, प्रशांतला सुचलं नव्हतं. लढण्यापेक्षा लग्न लावणं स्वस्त झालं. आणि योगायोग असा, की खेळात आलेल्या बायकांना हटकून मुलीच खेळायला मिळायच्या. मला खेळायला मिळालेली पहिली मुलगी म्हणजे सरदार भैरवची पोर, हिरा. तिच्या नावावर आजोळची तीन गावं होती. मी खपून तिथे बाजार बसवला, पूल बांधला. एके दिवशी गोदामातून घरी येऊन पाहते तर भैरव खेळणाऱ्या गृहस्थांनी मला न विचारता हिराचं लग्न शेजारच्या परगण्यात लावून टाकलेलं. गावं गेली. मी विचारलं, तर म्हणाले, नियम आहे मॅडम. त्या दिवशी गटावर अभिनंदनांचा पाऊस चालू असताना इंदूताईंनी लिहिलं: "पोरीले विचारलं होतं का?"

 मी ताईंना फोन केला. आमची ओळख ती.

दरवर्षी हिवाळ्यात खेळाडू एकत्र जमायचे. त्या वर्षी रामटेकला जमलो. ताईंना मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. सुती पातळ, पायात नातवाचे वाटावेत असे पांढरे बूट, आणि हातात माकडांसाठी काठी. गडावर जाताना त्या एका पायरीवर बसल्या आणि तिथेच त्यांनी प्रशांतला गाठलं. हा नियम बदल म्हणाल्या. प्रशांत सभ्य मुलगा, त्याने समजावून सांगितलं की काकू, मला काही मुलींवर अन्याय करायचा नाही, पण त्या काळी असंच असायचं, खेळ इतिहासाला धरून हवा.

ताई म्हणाल्या, "तुह्या खेळात आगीचे लोळ सोडनारे घोडे आहेत. ते कोन्या काळी होते गा?"

लोक हसले. प्रशांत म्हणाला, ती थोडी गंमत आहे.

"मंग असं कर. घोडे आग सोडते तिथं गंमत, अन पोरीच्या नावावर जमीन म्हटलं की तुले इतिहास आठवते. काहून?"

तिथे राजाभाऊ होता. इतवारीत त्याचं मोबाइलचं दुकान आहे. मोठ्या आवाजाचा, दिलदार माणूस, प्रत्येक भेटीला सगळ्यांसाठी संत्राबर्फी आणणारा. तो म्हणाला, काकू, जमीन पोरीकडेच राहिली तर खेळात लग्न कोण करेल? ताईंनी त्याच्याकडे वळून अगदी चौकशीच्या सुरात विचारलं, "तू जमिनीशी लगन करून राहिला का पोरीशी?" राजाभाऊ स्वतःच सर्वांत जास्त हसला. तेवढ्यात माकडाने त्याच्या हातातला बर्फीचा डबा पळवला आणि वादाचा निकाल तिथेच लागला असं सगळ्यांनी मानलं. प्रशांत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, तुम्ही आणि शैलाताई नवा नियम लिहून द्या, मी घालतो.

मग आम्ही तो लिहायला बसलो. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावायचे, ताई एकेक शब्द मोठ्याने वाचायच्या. त्या काहीही न वाचता मान्य करत नसत. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या तिकिटामागचं, सगळं वाचायच्या. मी लिहिलं होतं, 'जमीन थोरल्या अपत्याला जाईल.' ताईंनी अडवलं. "अपत्य म्हंजे कोन? पोरगी धरली का त्यात? धरली तं लिही. नाई लिवलं तं हे पोट्टे उद्या म्हणतीन, अपत्य म्हंजे पोरगाच." मी 'मुलगा असो वा मुलगी' असं घातलं. पुढे लिहिलं, लग्नाने मालकी बदलणार नाही. त्या म्हणाल्या, नुसतं लग्नाने नको, लग्न, पुनर्लग्न, वैधव्य, सगळं लिही. स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर आम्ही एक अख्खी सुट्टी घालवली, आणि त्यांचं बरोबर होतं, माझ्या जागी तो दिला असता तर दत्तक मुली बाहेर राहिल्या असत्या.

शेवटचं कलम त्यांनी स्वतः सांगितलं. वारसाने राजीखुशीनं हक्क सोडल्यास जमीन पुढच्या भावंडाला जाईल. मी म्हटलं, याची गरज काय? मिळालेली जमीन सोडेल कोण? ताई म्हणाल्या, "असते वं एखादी. घरचं पाहून सोडते. तिले कायले अडवाचं?" मला ते उदार वाटलं. जबरदस्तीचा नियम काढून टाकताना दुसरी जबरदस्ती नको, असा अर्थ मी लावला. कलम लिहिलं.

नियम लागू झाला आणि खेळ बदलला. त्यानंतरची वर्षं आमच्या खेळाची सर्वांत चांगली वर्षं होती हे आता राजाभाऊसुद्धा कबूल करतो. ताईंच्या नावावर रानदेव परगणा होता, त्यांची सरदारीण म्हणजे गंगाबाई. गंगाबाईची थोरली मुलगी रेवा मला मिळाली आणि धाकटा मल्हार राजाभाऊला. म्हणजे खेळात मी ताईंची मुलगी झाले आणि ती जागा मी आवडीने घेतली. ताई शिकवायच्या. धान्य आधी, घोडे मंग, हे त्यांचं पहिलं वाक्य. ज्याच्या घरी कोठी भरली त्याच्या दारात फौज आपोआप येते, हे दुसरं. कुणी लढाईचं आमंत्रण घेऊन आलं की त्या विचारायच्या, "जेवाले काय देशील?" आणि पलीकडचा गडबडायचा.

मी रानदेवात तळी खोदली, कोठारं बांधली, कोणत्या गावात काय पिकतं याचा तक्ता ठेवला. मल्हार मोहिमेवर जायचा. जाताना घोड्यावर, येताना बहुधा पायी. एका हंगामात प्रशांतने राज्यावर दुष्काळ टाकला तेव्हा पाचांपैकी फक्त रानदेवात दाणा होता. दोन शेजारी परगणे आम्ही जगवले. त्या दिवशी ताईंनी सगळ्या गटासमोर लिहिलं, माझी रेवा आहे म्हणून राज्य उभं आहे. मी तो निरोप गोदामातल्या बायकांना दाखवला. माझ्या घरच्यांनी माझ्या कामाबद्दल असं कधी लिहिलेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मी एकदा त्यांच्याकडे गेले. पुढच्या खोलीत भिवापुरी मिरचीचं पोतं सांडलेलं होतं आणि ताई देठं काढत बसल्या होत्या. घरात शिरतानाच ठसका लागला. मीही बसले. ताई म्हणाल्या, बंडूनं आणली. बंडू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, भिवापूरला शेती करणारा. दरवर्षी मिरची आणतो, दिवाळीला पातळ आणतो. बोलता बोलता मी विचारलं, शेत किती आहे? आणि ताईंनी, जणू भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं की वडील गेल्यावर त्यांनी हक्कसोड करून दिली. विहिरीजवळचं रान, मिरचीचं. सगळं बंडूच्या नावावर.

आमच्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की ऐकणारा साधारण मान डोलावतो. बहिणी सह्या करतात, भाऊ पातळ आणतो. मी मान डोलावली नाही. मी विचारलं, तुम्हाला नको होतं का?

"पाह्यजे होतं ना. कोनाले नको?" ताई हसून म्हणाल्या. "पन वाटा घेतला असता तं बंडू आला असता का? माहेर राह्यलं असतं का मले?"

"तुम्हाला कुणी विचारलं तरी का?"

"विचारलं ना. कचेरीतल्या साहेबानं विचारलं, बाई, राजीखुशीनं देऊन राहिल्या का? मी म्हटलं, हो." मग एका मिरचीचं देठ काढून त्या म्हणाल्या, "नाई म्हणाले कोनी तिथवर जाते का वं?"

पुन्हा हसल्या. मला हसू आलं नाही. रामटेकच्या पायरीवर राजाला गप्प करणारी ही बाई, आणि तिने स्वतःचं रान असं देऊन टाकलं आणि वर ते विनोदासारखं सांगते आहे. मी घरी आले तरी माझ्या बोटांची आग होत होती आणि ती फक्त मिरचीची नव्हती. पण ते त्यांचं होतं, त्यांच्या तरुणपणीचं, मी गप्प बसले. शिवाय मला वाटलं, म्हणूनच त्या नियमासाठी इतक्या भांडल्या. स्वतःला मिळालं नाही ते खेळातल्या पोरींना मिळावं म्हणून. मी त्यांच्याविषयी असं छान काहीतरी ठरवून टाकलं होतं.

मग गंगाबाई आजारी पडली. खेळात म्हातारं माणूस आजारी पडलं की त्या हंगामाच्या शेवटी ते जातं, असा नियम आहे. सगळ्यांना तयारीला वेळ मिळतो. माझी तयारी झाली होती. गावांची यादी, कोठारांची यादी, कोणत्या तळ्याचा बांध दुरुस्तीला आला आहे त्याची यादी. रेवा थोरली, नियम स्पष्ट, रानदेव तिचा. ताईंचा फोन आला, दुपारी घरी ये म्हणाल्या. मला वाटलं, कारभार सोपवायला बोलावलं असेल. मी तक्ते घेऊन गेले.

ताईंनी चहा केला. समोर बसल्या. आणि म्हणाल्या, "रेवाचं राजीखुशीचं लिहून दे. रानदेव मल्हारले जाऊ दे."

मी आधी समजले की त्या चेष्टा करताहेत.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. राजाभाऊ नाराज आहे. इतकी वर्षं मोहिमा करून शेवटी बहिणीच्या हाताखाली राहायचं असेल तर आपण खेळ सोडतो म्हणतो. तो गेला तर त्याच्यासोबत त्याचे सगळे घोडेस्वार जातील, म्हणजे ते खेळणारी पोरं, माणसं. खेळ मोडेल. मी म्हटलं, मग त्यांना जाऊ द्या.

"तसं नाई म्हणू. तो जाईन म्हणते. तू तं जाऊन नाई राहिली ना?"

"म्हणजे जो जाईन म्हणतो त्याला जमीन. आणि जी राहते तिला?"

"तुले मान आहे वं. सगळे मानते तुले. समजदार आहेस तू."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. घरात दोन भावंडं असली आणि वस्तू एक असली की एकाला समजदार म्हणतात आणि दुसऱ्याला वस्तू देतात. मी म्हटलं, ताई, हा नियम तुम्ही लिहिला. थोरलं मूल, मुलगा असो वा मुलगी. तुम्ही माझ्याकडून एकेक शब्द घालून घेतलात.

"त्यातच लिवलं आहे ना. राजीखुशीनं सोडलं तं चालते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते कलम कुणा उदार बाईसाठी नव्हतं. ताईंना दार उघडं ठेवायचं होतं. त्या लढल्या, जिंकल्या, आणि जिंकलेलं परत देता यावं याची सोय त्याच दिवशी करून ठेवली. भिंत बांधताना स्वतःच्या हाताने खिंडार.

मी म्हटलं, "मी राजीही नाही आणि खुशीही नाही."

"अन मी होती का?" ताई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. हसणं त्यात नव्हतं.  मला त्या क्षणी त्यांची कीव यायला हवी होती असं मला नंतर अनेकांनी सांगितलं. मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही राजी नव्हता, म्हणून मीही राजी नसताना सही करायची? हा कुठला न्याय? त्यावर त्यांनी कप उचलले आणि म्हणाल्या, "एवढं कायले तापते? खेळच तं आहे."

राजाभाऊ असं म्हणाला असता तर मी हसले असते. ज्या बाईने स्वल्पविरामासाठी माझी जेवणाची सुट्टी घालवली त्या बाईने हे म्हणावं, हे मला सहन झालं नाही. मी तक्ते उचलले आणि निघाले.

त्यानंतर गटातल्या लोकांनी मला समजावण्याचं काम हाती घेतलं. एकीने लिहिलं, मोठ्यांचं मन राखावं. दुसऱ्याने लिहिलं, रेवा मल्हारची दिवाण म्हणून राहू शकते की, काम तर तीच करते. राजाभाऊनेही फोन केला. तो माणूस वाईट नाही, त्याने बर्फी पाठवू का असंही विचारलं. म्हणाला, मॅडम, आपल्याले काय, खेळ आहे, मनावर घेऊ नका. मी विचारलं, खेळच आहे तर तुम्ही का नाही सोडत?  तो म्हणाला, नाई, पण मी मुलगा आहे ना तिचा. मी फोन ठेवला.

हंगाम संपायच्या आत ताईंनाच दवाखान्यात न्यावं लागलं. हृदयाचं दुखणं होतं, घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मी भेटायला गेले. त्यांची मुलगी बाहेर औषधं आणायला गेली होती. आम्ही नातवंडांचं बोललो, दवाखान्यातल्या पातळ वरणाचं बोललो. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "लिवलं का?"

मी म्हटलं, नाही.

"हट्टी आहेस," ताई म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्या आठवड्यात त्या गेल्या. गटातले लोक म्हणतात, ते त्यांचं शेवटचं कौतुक होतं. मी तिथे होते. ते कौतुक नव्हतं. त्यांना माझा राग आला होता, आणि त्यांच्या रागालाही मी तेवढाच मान देते.

तेरवीला मी गेले. पंगत चालू होती. बंडूभाऊ वाढत होते. डोळे सुजलेले, आवाज बसलेला, बहिणीवर जीव असलेला माणूस. त्यांच्याविषयी मला वाईट लिहायचं नाही, त्यांनी काही चोरलेलं नाही. ते ताईंच्या मुलीच्या सासरच्या लोकांना बहिणीविषयी सांगत होते. म्हणाले, "आमची इंदूताई लय समजदार. कागद पुढं ठेवला, तिनं वाचला बी नाई. सही करून देली."

पंगतीत माना डोलल्या. कुणी डोळे पुसले.

वाचला नाही. औषधाची बाटली वाचणारी, तिकिटाची मागची बाजू वाचणारी, 'अपत्य' म्हणजे कोण असं विचारणारी बाई. तिने तो एक कागद वाचला नाही. मला खात्री आहे की वाचता येत नव्हता म्हणून नाही, आणि विश्वास होता म्हणूनही नाही. वाचला असता तर सही करता आली नसती, म्हणून. मी ताट बाजूला केलं आणि हात धुतले. ताईंच्या मुलीला भेटले, नंतर फोन करीन म्हटलं, आणि निघाले. उमरेड रोडवर रिक्षा मिळेपर्यंत चालत राहिले.

प्रशांतने दुसऱ्या दिवशी गटावर प्रस्ताव ठेवला. ताई गेल्या, आता गंगाबाईही गेली असं धरावं. ताईंची शेवटची इच्छा सगळ्यांना ठाऊक आहे. शैलाताईंनी लेखी दिलेलं नाही, पण आईची इच्छा हीच रेवाची राजीखुशी असं मानून रानदेव मल्हारला द्यावा. ही त्यांना खरी श्रद्धांजली ठरेल. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

मी लिहिलं, "नोंदी मी ठेवते. थोरलं मूल रेवा. रेवाने हक्क सोडलेला नाही. रानदेव रेवाच्या नावावर लावला आहे." आणि लावला. त्यासाठी मला कुणाची परवानगी लागत नव्हती, नियम होता.

मग व्हायचं ते झालं. मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. मेलेल्या बाईचा शब्द मोडला, हे त्यातलं सौम्य. राजाभाऊने खेळ सोडला आणि म्हणाला होता तसे त्याचे घोडेस्वारही गेले. काही दिवस गट स्मशानासारखा शांत होता. मी तळ्यांचे बांध दुरुस्त करून घेतले.

खेळ मोडला नाही. पुढच्या हंगामात एका दुपारी राजाभाऊचा निरोप आला. दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा करमत नाही म्हणाला. मल्हार अजून आहे का, की तुम्ही मारून टाकला? मी म्हटलं, आहे, बहिणीच्या वाड्यात जेवतो आहे. मग त्याने हळूच विचारलं की मोहिमेसाठी दाणा मिळेल का. मी विचारलं, किती घोडे, किती दिवस, आणि परत येताना किती उरतील. तो हसला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचेही आले.

म्हणजे तो येणारच होता. जमीन न मिळताही येणार होता. माझा सर्वांत मोठा राग हाच आहे. राजाभाऊ आला तसा कदाचित बंडूही आला असता. एक-दोन दिवाळ्या तोंड फिरवून बसला असता, बायकोकडून निरोप पाठवले असते, आणि मग एक दिवस दारात उभा राहिला असता, कारण बहीण होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. नसताही आला, कुणाला ठाऊक. पण इंदूताईंनी ते कधी करून पाहिलं नाही. जन्मभर त्या एका भीतीला धरून राहिल्या आणि म्हातारपणी ती भीती शहाणपण म्हणून माझ्या हातात द्यायला निघाल्या. इतकी हुशार बाई. मला हे अजूनही सोसवत नाही.

गेल्या महिन्यात मी प्रशांतला कळवलं, राजीखुशीचं कलम नियमांतून काढून टाक.

त्याने फोनच केला. म्हणाला, ते ताईंनी घातलेलं एकमेव कलम आहे जे शब्दन् शब्द त्यांचं आहे. त्यांची आठवण म्हणून तेवढं राहू द्या ना.

मी म्हटलं, त्यांची आठवण आहे म्हणूनच काढायचं आहे.

पलीकडे टायपिंगचा आवाज आला. कलम निघालं. आता पाचपरगण्यांत जिवंत माणसाचा हक्क सुटत नाही.